पिकअपचं नाक वर करायची हौस: पुढची स्प्रिंग बदलली की नेमकं काय काय बदलतं?

अमेरिकन पिकअप ट्रकच्या रील्स तुमच्या फीडवर येत असतील तर एक प्रकार हमखास दिसला असेल. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. गाडी तीच, रंग तोच. पण पहिल्या फोटोत ती जरा पुढे वाकल्यासारखी दिसते आणि दुसऱ्या फोटोत छाती काढून उभी असते. कॅप्शनमध्ये लिहिलेलं असतं 'लेव्हलिंग किट' किंवा 'लिफ्ट स्प्रिंग्ज'. आणि कमेंटमध्ये कुणीतरी विचारलेलंच असतं, अरे मग कंपनीने आधीच सरळ का नाही दिली?

प्रश्न अगदी रास्त आहे. फोर्डची एफ सिरीज गेली चार दशकं अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारी पिकअप आहे. एवढ्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीला पुढची-मागची उंची सारखी ठेवता येत नसेल का? येते. मुद्दाम ठेवत नाहीत.

नाक खाली, कारण हौदा रिकामा आहे

रिकाम्या पिकअपचा मागचा भाग पुढच्यापेक्षा साधारण एक ते अडीच इंच उंच असतो. अमेरिकेत याला 'रेक' म्हणतात. आपण गाडी पाहतो ती शोरूममध्ये किंवा पार्किंगमध्ये, म्हणजे रिकामी. पण ती डिझाईन केलेली असते हौद्यात माल असताना किंवा मागे ट्रेलर जोडलेला असताना चालवण्यासाठी.

एक सोपं गणित करू. आकडे समजण्यापुरते धरलेत, पण प्रत्यक्षाच्या जवळचे आहेत. समजा तुमच्या ट्रकमागे तीन टनांचा ट्रेलर आहे, त्यावर बोट किंवा ट्रॅक्टर लादलाय. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन ट्रकच्या हिचवर यावं असा अमेरिकेत सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे ३०० ते ४५० किलो. आपण ४०० धरू. हे वजन मागच्या चाकांवर नाही, तर त्यांच्याही मागे, साधारण सव्वा मीटर अंतरावर पडतं. इथे ट्रकचा सीसॉ होतो. मागचं चाक हा टेकू. मागून ४०० किलो दाबले की पुढचं टोक उचललं जाणार.

पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३.७ मीटर असेल तर पुढच्या चाकांवरचं सुमारे १३५ किलो वजन कमी होतं आणि मागच्या चाकांवर ४०० नाही, तर ५३५ किलो वाढतं. मागची स्प्रिंग पाच-साडेपाच सेंटिमीटर बसते, पुढची एखादा सेंटिमीटर वर येते. आणि रिकामी असताना नाक खाली घालून उभी असलेली गाडी आता जमिनीला जवळपास समांतर होते.

थोडक्यात, कंपनीने गाडी सरळच दिलेली असते. फक्त ती सरळ होते तेव्हा तिच्यावर बोजा असतो.

आता खरी गोम अशी आहे की अमेरिकेत पिकअप घेणारे कित्येक लोक वर्षभरात एकदाही ट्रेलर ओढत नाहीत. ऑफिसला जायचं, मुलांना शाळेत सोडायचं, वीकेंडला सामान आणायचं. अशा माणसाला गाडी कायम पुढे झुकलेलीच दिसणार. शिवाय त्याला मोठे टायर बसवायचे असतात, ते वळताना मडगार्डच्या आतल्या बाजूला घासतात. म्हणून पुढचा भाग दोन-अडीच इंच उचलून मागच्याच्या बरोबरीला आणायचा. हेच ते लेव्हलिंग.

स्पेसर आणि स्प्रिंग, दोन वेगळ्या गोष्टी

उचलायचे मार्ग दोन. स्वस्तातला मार्ग म्हणजे स्पेसर. शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग हे अख्खं युनिट चॅसीला जिथे जोडलेलं असतं, तिथे मध्ये धातूची किंवा कडक प्लास्टिकची एक जाड चकती टाकायची. स्प्रिंग तीच, शॉकअप तोच, पण सगळं युनिट खाली सरकल्याने गाडी वर उचलली जाते. बऱ्याच ट्रकमध्ये शॉकअप चाकाच्या जरा आतल्या बाजूला बसतो, त्यामुळे एक इंचाची चकती टाकली तरी चाकाशी जवळपास दोन इंच उंची मिळते. पण याचा अर्थ असाही होतो की गाडी खड्ड्यावरून जाताना चाक आधीपेक्षा जास्त खाली लोंबतं, आणि बॉल जॉइंट व अॅक्सलचे सांधे ज्या कोनात काम करायला बनवलेले नाहीत त्या कोनात जातात.

दुसरा मार्ग म्हणजे मूळ स्प्रिंगच काढून दुसऱ्या कंपनीची, उंची देणारी स्प्रिंग बसवणं. 'स्पेसर म्हणजे जुगाड आणि स्प्रिंग म्हणजे खरं काम' असं व्हिडिओंमध्ये सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. कारण स्प्रिंग उंची कशी देते यावर सगळं अवलंबून आहे.

समजा एका पुढच्या स्प्रिंगवर ६०० किलो भार आहे आणि ती दर ६० किलोला एक सेंटिमीटर दबते. म्हणजे गाडी उभी असताना ती १० सेंटिमीटर दबलेली आहे. आता तुम्हाला गाडी ५ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच वर हवी आहे. पर्याय पहिला, तेवढ्याच ताकदीची पण ५ सेंटिमीटर लांब स्प्रिंग घ्या. तीही १० सेंटिमीटरच दबेल, गाडी ५ सेंटिमीटर वर येईल. पर्याय दुसरा, लांबी तीच ठेवून जास्त कडक स्प्रिंग घ्या, जी १० ऐवजी ५ सेंटिमीटरच दबेल. त्यासाठी ती दर सेंटिमीटरला १२० किलो घेणारी हवी, म्हणजे थेट दुप्पट कडक. अशा गाडीत बसून स्पीडब्रेकरवरून गेलात तर पाठीला लगेच कळेल.

बाजारातल्या बहुतेक चांगल्या लिफ्ट स्प्रिंग या दोन्हीच्या मधल्या असतात, थोड्या लांब आणि थोड्या कडक. त्यामुळे विकत घेताना 'किती इंच लिफ्ट' एवढंच विचारून भागत नाही. कडकपणा किती आणि ती किती वजनाच्या गाडीसाठी बनवलीय, हे विचारावं लागतं. फोर्डच्या एफ-२५० सारख्या मोठ्या ट्रकमध्ये डिझेल आणि पेट्रोल इंजिनाच्या वजनात मोठा फरक असतो. डिझेलसाठीची स्प्रिंग पेट्रोलच्या ट्रकला लावली तर गाडी हव्या त्याहून जास्त उचलली जाते आणि आदळतेही जास्त.

उलट बाजूही आहे. कधी कधी कडक स्प्रिंग ही हौस नसते, तर गरज असते. अमेरिकेच्या बर्फाळ भागात ट्रकच्या पुढे बर्फ ढकलायचं जड फाळकं लावतात. त्यासाठी फोर्ड स्वतःच आपल्या मोठ्या ट्रकना भक्कम पुढच्या स्प्रिंगचं पॅकेज देते. ऑस्ट्रेलियात कांगारू आडवे येतात म्हणून पुढे लोखंडी बुलबार लावतात, सोबत विंच. दोन्ही मिळून शंभरेक किलो सहज होतात. तिथली एआरबी कंपनी 'ओल्ड मॅन एमू' नावाच्या स्प्रिंग विकते, त्यात एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या वजनाचे पर्याय असतात. बुलबारवाल्याची स्प्रिंग वेगळी, साध्या बंपरवाल्याची वेगळी. माझ्या मते स्प्रिंग विकायची हीच प्रामाणिक पद्धत आहे. आधी वजन विचारायचं, मग उंची.

आणि हो, सगळ्याच ट्रकमध्ये पुढे गुंडाळीची स्प्रिंग नसते. शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो २५००एचडीमध्ये पुढे टॉर्शन बार असतो, म्हणजे पिळली जाणारी लांब सळई. तिथे स्प्रिंग बदलायचा प्रश्नच येत नाही, सळईचा पीळ वाढवून गाडी उचलतात.

स्प्रिंग बदलली म्हणजे फक्त स्प्रिंग बदलली असं नसतं

शॉकअपची लांबी ठरलेली असते. चाक वर-खाली मिळून समजा २० सेंटिमीटर हलू शकतं, १० वर आणि १० खाली. नुसती लिफ्ट स्प्रिंग टाकून गाडी ५ सेंटिमीटर उचलली की तेच गणित १५ वर आणि ५ खाली असं होतं. खड्ड्यात चाक खाली जायला आता अर्धीच जागा उरली. मग मोठा खड्डा आला की शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि पुढून 'धाड' असा आवाज येतो. नवीन स्प्रिंग बसवून आलेले लोक 'आवाज कुठून येतोय' म्हणून हैराण होतात तो बरेचदा हाच. शिवाय जुना शॉकअप मूळ स्प्रिंगच्या उसळीला आवरण्यासाठी बनवलेला असतो. जास्त कडक स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही आणि गाडी उंचवट्यावरून उतरल्यावर दोन-तीनदा डोलत राहते. म्हणून स्प्रिंगसोबत तिच्या मापाचे शॉकअप घ्या असं सांगतात, तो नुसता विक्रीचा फंडा नाही.

मग येतं अलाइनमेंट. सायकलचा पुढचा चिमटा जरा पुढे झुकलेला असतो. त्या झुकावाची मदत असते म्हणून हँडल सोडूनही सायकल सरळ जाते. गाडीतही असाच झुकाव असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. एफ-२५० च्या फोर-बाय-फोर ट्रकला पुढे अखंड अॅक्सल असतो. तिथे गाडी उचलली की अॅक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. परिणाम असा की हायवेवर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, गाडी इकडे-तिकडे भटकते. वर अॅक्सलला जागेवर धरणारा आडवा दांडा त्याला थोडा एका बाजूला ओढतो. दांड्याचे बुश किंवा बॉल जॉइंट आधीच झिजलेले असतील तर स्टिअरिंग जोरजोरात थरथरायला लागतं. अमेरिकन ट्रकवाले त्याला 'डेथ वॉबल' म्हणतात. लिफ्ट हे त्याचं एकमेव कारण नाही, पण ढिल्या सांध्यांवर उंची चढवली की त्याला आयतं निमंत्रण मिळतं.

टायरचंही सांगायला हवं. ३३ इंचाचे टायर काढून ३५ इंचाचे लावले की स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात १०६ च्या वेगाने धावत असते. सेटिंग दुरुस्त करता येतं, पण ते कुणीतरी आठवणीने करायला हवं.

एक गैरसमजही दूर करू. नाक वर केलं की पुढचं वजन मागे सरकतं आणि ब्रेक कमी लागतात असं सर्रास सांगितलं जातं. दोन इंचांनी होणारा वजनाचा बदल नगण्य असतो. ब्रेकवर परिणाम होतो तो जड टायरचा आणि चुकीच्या शॉकअपचा.

घरच्या घरी स्प्रिंग बदलायचे व्हिडिओ मात्र बघून सोडून द्या. शॉकअपवरची स्प्रिंग काढताना ती क्लॅम्पने दाबून ठेवावी लागते. आपल्या उदाहरणातली स्प्रिंग १५ सेंटिमीटर दाबली तर तिच्यात जेवढी ऊर्जा साठते, ती साधारण ६७ किलोचं वजन एक मीटरवरून पडण्याएवढी असते. म्हणजे एक धडधाकट माणूस. क्लॅम्प निसटला तर ती सगळी एका क्षणात बाहेर पडते, आणि समोर तुमचा चेहरा असतो. यात माणसं जायबंदी होतात, मेलीही आहेत.

समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर

आतापर्यंत सांगितलं ते सगळं मालकाच्या खिशाचं आणि पाठीचं. पण एक गोष्ट अशी आहे जिची किंमत दुसरा माणूस मोजतो. ती म्हणजे हेडलाइट.

लो बीम जरा खाली झुकलेला असतो. साधारण एक टक्का धरू, म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर खाली. मोठ्या पिकअपचा दिवा जमिनीपासून एक मीटरवर असेल तर ५० मीटरवर त्याचा झोत अर्ध्या मीटरवर असतो. समोरच्या कारच्या बंपरच्या आसपास. आता पुढचं नाक ५ सेंटिमीटर उचला. ३.७ मीटरच्या गाडीत हा कोन होतो जवळपास १.३५ टक्के. म्हणजे खाली झुकलेला झोत आता किंचित वर बघायला लागला. तेच ५० मीटर, पण झोत आता १२० सेंटिमीटरच्या आसपास. सेडान चालवणाऱ्याचे डोळे नेमके तेवढ्याच उंचीवर असतात.

लो बीम लावूनही समोरचा तुम्हाला डिपर मारत असेल तर कारण हे असू शकतं. उपाय फुकट आहे. हेडलाइटच्या मागे स्क्रू असतो, तो फिरवून झोत खाली आणायचा. सपाट जागेवर भिंतीसमोर गाडी उभी करून दहा मिनिटांत होतं. लिफ्टवर शेकडो डॉलर खर्च करणाऱ्यांपैकी किती जण ही दहा मिनिटं देतात, हे अमेरिकेत रात्री गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा. नव्या ट्रकमध्ये पुढचा कॅमेरा आणि रडारही असतं, आपोआप ब्रेक लावणारं. उंची बदलली की त्यांचंही कॅलिब्रेशन पुन्हा करून घ्यावं लागतं.

आणि इथे सुरुवातीचा ट्रेलर परत येतो. दिवे सेट केले, सगळं नीट आहे. मग एक दिवस तुम्ही तोच तीन टनांचा ट्रेलर जोडलात. मूळ गाडी या बोजाखाली सरळ झाली असती. तुमची आधीच सरळ केलेली गाडी आता मागे बसते आणि नाक सहाएक सेंटिमीटर आकाशाकडे जातं. दिवे पुन्हा समोरच्याच्या डोळ्यात, आणि तुम्हाला बॉनेटच्या पुढचा रस्ता कमी दिसतो. म्हणून जे खरंच ट्रेलर ओढतात ते जाणकार पूर्ण लेव्हल करत नाहीत. दोनऐवजी एक इंच उचलतात, थोडा रेक शिल्लक ठेवतात, किंवा मागे हवेचे फुगे बसवून बोजा आल्यावर उंची सावरतात. पण फुगे लावले म्हणून ट्रकची क्षमता वाढत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे, तोच खरा.

अमेरिकेत याच्या टोकाचा एक प्रकारही गाजला. 'कॅरोलिना स्क्वॉट' नावाच्या फॅशनमध्ये लोकांनी पुढचा भाग भरपूर उचलला आणि मागचा खाली घेतला. ड्रायव्हरला समोरचं लहान मूल दिसणार नाही एवढं नाक वर. शेवटी नॉर्थ कॅरोलिनाने कायदा केला, जो डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा चार किंवा त्याहून जास्त इंच उंच असेल तर बेकायदा. २०२२ मध्ये व्हर्जिनियाने आणि २०२३ मध्ये साउथ कॅरोलिनानेही बंदी आणली. साधं लेव्हलिंग यात येत नाही, ते तिथे कायदेशीर आहे. वॉरंटीच्या बाबतीतही अमेरिकेचा १९७५ चा कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. बाहेरची स्प्रिंग लावली एवढ्यावरून कंपनी अख्खी वॉरंटी नाकारू शकत नाही, त्या स्प्रिंगमुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं.

आपल्याकडे करता येतं का?

आपल्याकडे पिकअप म्हटलं की कांदा-टोमॅटो वाहणारी गाडी डोळ्यासमोर येते. तिथे जुगाड नेमका उलटा, मागे जादा पाटे चढवायचे, म्हणजे बोजाखाली गाडी बसू नये. पण इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स या गाड्या हौसेने घेणारे वाढलेत, आणि थारवाले तर आहेतच. त्यामुळे लिफ्टचं वेड इथेही पोचलंय.

कायदा मात्र अमेरिकेसारखा सैल नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदावरचा तपशील मूळ कंपनीच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवत हेच पुन्हा स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. झिजलेली स्प्रिंग काढून त्याच मापाची नवी टाकणं ही दुरुस्ती झाली. दोन इंच उंची वाढवणं ही वेगळी गोष्ट आहे. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या क्लेमच्या वेळी आडवा येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा.

तरीही तुमच्या गाडीचं नाक खरंच जास्त खाली गेलंय असं वाटत असेल, तर दुकानात जायच्या आधी टेप घ्या. गाडी सपाट जागेवर उभी करा आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. नेहमीचं सामान आणि माणसं गाडीत भरून पुन्हा मोजा. पुढच्या डाव्या-उजव्या आकड्यात ठळक फरक दिसला तर एखादी स्प्रिंग थकलीय. आणि भरल्यावर पुढचं-मागचं सारखं येत असेल, तर गाडी जशी हवी तशीच आहे.